घरगुती रेकॉर्डिंगसाठी कमी बजेटचा माइक प्रीअँप : ठाणे आणि नवी मुंबईतील सदनिकाधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एक-दोन बेडरूमच्या सदनिकेत राहून गाणे, निवेदन, ऑडिओबुक, पॉडकास्ट किंवा शिकवणीचे पाठ ध्वनिमुद्रित करणाऱ्यांसाठी हे पान आहे. माइक सोडून सुमारे पंधरा हजार रुपयांपर्यंतचे बजेट येथे गृहीत धरले आहे.

प्रीअँप नेमके काय करतो? तो वेगळा विकत घ्यावाच लागतो का?

माइकमधून बाहेर पडणारा विद्युत संकेत अतिशय क्षीण असतो. शुअर एसएम ५८ या सर्वपरिचित डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या गुंडाळीवर चालणाऱ्या) माइकचे उदाहरण घेऊ. ९४ डेसिबल इतका, म्हणजे चांगलाच मोठा आवाज त्याच्यासमोर केला तरी तो जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट देतो. स्टुडिओतील उपकरणे आपापसात ज्या लाइन पातळीवर बोलतात ती मात्र सुमारे १.२३ व्होल्ट असते. ही कित्येक शेकडो पटींची दरी आपला गोंगाट शक्य तितका कमी मिसळून भरून काढणे, एवढेच प्रीअँपचे काम आहे.

बाजारातील प्रत्येक यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये, ज्याला एक्सएलआर (तीन पिनांच्या जोडणीचा) माइक जोडता येतो, प्रीअँप आधीपासूनच बसवलेला असतो. त्यामुळे पहिल्या खरेदीत वेगळा प्रीअँप घेण्याची गरज जवळपास कोणालाच नसते. वेगळा प्रीअँप घेतला तरी त्याचा संकेत संगणकात नेण्यासाठी इंटरफेस लागतोच आणि एकाच बजेटचे दोन तुकडे केल्यावर दोन्ही उपकरणे सुमार दर्जाची पदरात पडतात. म्हणून या पानावर ‘प्रीअँप निवडणे’ याचा व्यवहारातील अर्थ बहुतेक ठिकाणी ‘चांगला प्रीअँप असलेला इंटरफेस निवडणे’ असाच घ्यावा.

गेन किती डेसिबल असला पाहिजे?

गेन म्हणजे प्रीअँप संकेत किती वाढवू शकतो याचे माप. आमच्या मते माहितीपत्रकात सर्वांत आधी पाहावा असा हाच आकडा आहे आणि नेमका तोच खोक्यावर क्वचित छापलेला असतो. तो निर्मात्याच्या संकेतस्थळावरील तांत्रिक तक्त्यात शोधावा लागतो.

किती गेन लागेल हे माइकवर आणि बोलण्याच्या पद्धतीवर ठरते. कंडेन्सर माइक (ज्यांना चालण्यासाठी बाहेरून वीज लागते) बराच मोठा संकेत देतात. रोड एनटी१-ए हा माइक ९४ डेसिबलला सुमारे २५ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे एसएम ५८ च्या तेरा-चौदा पट. अशा माइकला ३० ते ४० डेसिबल गेन पुरतो आणि स्वस्तातल्या स्वस्त इंटरफेसमध्येही तेवढा असतो. एसएम ५८ वर हळू आवाजात गोष्ट वाचणाऱ्याला ५५ डेसिबलच्या आसपास हवा. पॉडकास्टच्या चित्रफितींमुळे घराघरांत पोहोचलेला एसएम ७बी याहूनही मंद आहे आणि त्यासाठी किमान ६० डेसिबल गेन असावा, असे शुअरनेच सांगितले आहे.

हे लक्षात घेऊन आकडे वाचावेत. फोकसराइट स्कारलेटच्या तिसऱ्या पिढीतील सोलो आणि २आय२ यांचा गेन ५६ डेसिबल होता. चौथ्या पिढीत सोलो ५७ वर राहिला आणि २आय२ मात्र ६९ वर गेला. मोटू एम२ चा गेन ६० डेसिबल आहे. एसएम ७बी घेऊन ठेवला असेल तर त्याच्यासाठी ५६ आणि ६९ यांतील फरक खरोखर महत्त्वाचा आहे. एनटी१-ए असेल तर त्या फरकासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये.

आणखी एक गोष्ट तक्त्यात कधीच सापडत नाही. पुष्कळशा स्वस्त प्रीअँपमध्ये गेनची कळ तीन-चतुर्थांश फिरेपर्यंत आवाज संथपणे वाढतो आणि शेवटच्या थोड्याशा वळणात एकदम दहा-पंधरा डेसिबल उडी घेतो. कागदावर ५५ डेसिबल असले तरी त्यातील शेवटचे दहा हाताने नेमके लावता येत नाहीत. दुकानात उपकरण हाताळायला मिळाले, तर कळ त्या टोकाशी हळूहळू फिरवून पाहावी.

रेकॉर्डिंगमध्ये सतत ‘सूं’ असा आवाज येतो. अधिक महाग प्रीअँप घेतल्यास तो जाईल का?

बहुतेक घरांत जाणार नाही. हे मत आकड्यांनी तपासून पाहणे सोपे आहे.

वीतभर अंतरावरून साध्या आवाजात बोलल्यास माइकपाशी सुमारे ७४ डेसिबल आवाज पोहोचतो. त्या वेळी एसएम ५८ मधून निघणारा संकेत साधारण उणे ७२ डीबीयू (विद्युत संकेताची पातळी मोजण्याचे एकक) असतो. आजच्या बजेट इंटरफेसमधील चांगल्या प्रीअँपचा स्वतःचा गोंगाट, ज्याला माहितीपत्रकात ‘ईआयएन’ म्हणतात, उणे १२८ डीबीयूच्या आसपास असतो. म्हणजे प्रीअँपचा गोंगाट आवाजाच्या ५६ डेसिबल खाली राहिला. खोलीतील आवाजाच्या भाषेत सांगायचे, तर त्या माइकसमोर १८ डेसिबलचा कोणताही आवाज चालू असता तर तो जेवढा ऐकू आला असता, तेवढाच प्रीअँपचा गोंगाट ऐकू येतो.

आता खोलीकडे पाहू. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी क्षेत्रात घराबाहेरील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. घोडबंदर रस्त्याच्या, स्टेशन रोडच्या किंवा सायन–पनवेल महामार्गाच्या कडेला राहणाऱ्यांना ही मर्यादा किती पाळली जाते हे वेगळे सांगायला नको. खिडक्या बंद, पंखा बंद आणि रात्रीचा एक वाजला असला, तरी सरकत्या खिडक्यांच्या सदनिकेत ३० डेसिबलच्या खाली उतरणे कठीण असते.

खोली ३० डेसिबल आणि प्रीअँप १८ डेसिबल असे दोन्ही गोंगाट एकत्र मिळवले, तर बेरीज सुमारे ३०.३ येते. प्रीअँप बदलून उणे १३० डीबीयूचा घेतला, तर ती ३०.२ होते. हा दशांश डेसिबलचा लाभ कोणत्याही कानाला जाणवत नाही. उलट पंखा सुरू असताना माइक दोन वितींवरून एका वितीवर आणला, तर आवाज खोलीच्या गोंगाटापेक्षा सुमारे ६ डेसिबलने वर येतो आणि त्याला काहीच खर्च नाही. माइकच्या मागच्या नव्हे, तर बोलणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर जाड गोधडी टांगणे, कपड्यांचे कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून बसणे आणि स्वयंपाकघरातील फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबेपर्यंत वाट पाहणे, हे उपाय पाच हजारांच्या वाढीव प्रीअँपपेक्षा कितीतरी अधिक गुण देतात.

माझ्या घरात दोष खोलीचा की प्रीअँपचा, हे मी स्वतः कसे ओळखू?

यासाठी एक जुनी आणि भरवशाची चाचणी आहे. तीन पिनांचा एक्सएलआर मेल कनेक्टर आणि १५० ओहमचा एक रेझिस्टर घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, दोन्ही वस्तू एकाच फेरीत मिळतात. पिन २ आणि पिन ३ यांच्यामध्ये रेझिस्टर डाग देऊन जोडावा, पिन १ मोकळी ठेवावी आणि कनेक्टरचे झाकण बसवावे. हा झाला अजिबात आवाज न ऐकणारा खोटा माइक, कारण प्रीअँपच्या दृष्टीने त्याचा रोध खऱ्या माइकसारखाच असतो.

फँटम पॉवर (इंटरफेसकडून माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) बंद ठेवून हा कनेक्टर इंटरफेसला लावावा, गेनची कळ नेहमी जेथे असते तेथेच ठेवावी आणि अर्धा मिनिट रेकॉर्ड करावे. मग कळीला हात न लावता खरा माइक नेहमीच्या जागी जोडून, कोणीही न बोलता, आणखी अर्धा मिनिट रेकॉर्ड करावे. ऑडासिटी किंवा रीपरमध्ये दोन्ही तुकड्यांची आरएमएस, म्हणजे सरासरी, पातळी पाहावी. खऱ्या माइकचा तुकडा खोट्यापेक्षा १० डेसिबल किंवा अधिक वर असेल, तर गोंगाट खोलीतून किंवा कंडेन्सर असल्यास थोडासा माइकमधून येत आहे आणि प्रीअँप बदलण्यात अर्थ नाही. फरक ३ डेसिबलपेक्षा कमी असेल तरच प्रीअँपवर संशय घ्यावा. ठाण्यासारख्या शहरात असा निकाल येण्यासाठी खोली फारच शांत किंवा प्रीअँप फारच जुना असावा लागतो.

ईआयएनचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात का?

येतात, पण मोजण्याची पद्धत सारखी असेल तरच. १५० ओहमच्या रोधातून, केवळ उष्णतेमुळे, ऐकू येणाऱ्या संपूर्ण कंप्रतापट्ट्यात सुमारे उणे १३१ डीबीयू इतका गोंगाट निसर्गतःच निर्माण होतो. जगातील कोणताही प्रीअँप त्याखाली जाऊ शकत नाही. तरीही एखाद्या माहितीपत्रकात उणे १३३ छापलेले दिसले, तर मापन ‘ए-वेटेड’ (कानाला कमी जाणवणाऱ्या कंप्रतांना कमी वजन देणारे) आहे किंवा इनपुट शॉर्ट करून केले आहे, असे समजावे. ए-वेटिंगमुळे आकडा साधारण दोन डेसिबलने अधिक देखणा होतो. थोडक्यात, उणे १२७ आणि उणे १२९ यांत निवड करण्यात वेळ दवडू नये. उणे १२० किंवा त्याहून वाईट आकडा असेल आणि माइक डायनॅमिक असेल, तर मात्र ते उपकरण टाळावे.

‘सूं’ नाही, पण ‘घूं’ असा जड गुणगुणता आवाज येतो. हा प्रीअँपचा दोष आहे का?

जवळजवळ नेहमीच हा विजेचा प्रश्न असतो. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने हा आवाज ५० किंवा १०० हर्ट्झच्या पट्टीत ऐकू येतो. प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहावे. आवाज गेला तर दोष चार्जरचा किंवा सॉकेटच्या अर्थिंगचा आहे. नौपाडा, चरई किंवा वाशीतील जुन्या इमारतींमध्ये सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, असे अनेकदा आढळते. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतणारा आहे.

बारीक, किरकिऱ्या सुराची ‘झूं’ असेल तर पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरकडे पाहावे. यांतील काही रेग्युलेटर वीजलहर मध्येच कापून पंख्याचा वेग कमी करतात आणि त्यातून निर्माण होणारे तीक्ष्ण तरंग डायनॅमिक माइकच्या गुंडाळीत शिरतात. पंखा पूर्ण वेगावर किंवा पूर्ण बंद केल्यावर हा आवाज नाहीसा होतो. त्यावरून निदान पक्के करता येते. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर घर चालू असताना तर रेकॉर्डिंगचा बेत रहित करणेच उत्तम.

यूएसबीवर चालणारा छोटा इंटरफेस खरोखर ४८ व्होल्ट फँटम पॉवर देतो का?

नामांकित निर्मात्यांचे इंटरफेस देतात. प्रमाणानुसार हा दाब ४४ ते ५२ व्होल्टच्या दरम्यान असावा लागतो. यूएसबीतून ५ व्होल्टच मिळतात आणि उपकरणातील छोटे परिपथ ते वाढवून ४८ करतात. नाव नसलेल्या स्वस्त डब्यांमध्ये येथेच काटकसर होते. दाब कमी पडल्यास काही कंडेन्सर माइक चालू होतात खरे, पण मोठ्या आवाजाला लवकर फाटतात. संतुलित, सुस्थितीतील केबलवर एसएम ५८ सारख्या डायनॅमिक माइकला फँटम पॉवरमुळे इजा होत नाही. जुन्या रिबन माइकच्या बाबतीत मात्र ती बंद असल्याची खात्री करूनच केबल लावावी.

‘ट्यूब’ प्रीअँपमुळे आवाजाला ऊब येते का?

बजेट दरात मिळणाऱ्या ट्यूब (काचेच्या निर्वात नळीच्या) प्रीअँपविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. १२एएक्स७ ही ट्यूब चांगल्या परिपथात शेकडो व्होल्टवर चालते. स्वस्त उपकरणांत ती पुष्कळदा त्याच्या अंशमात्र दाबावर चालवली जाते आणि मुख्य वर्धन साध्या चिपकडूनच होते. परिणामी मिळते ती ऊब नसून थोडी अस्पष्टता आणि बराच गोंगाट. जुन्या नामवंत कन्सोलमधील रंगत मुख्यत्वे ट्रान्सफॉर्मर आणि त्यांभोवतीच्या परिपथांतून येत असे, आणि चांगले ट्रान्सफॉर्मर स्वस्तात बनत नाहीत. रंगत हवीच असेल तर ती रेकॉर्डिंग झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये द्यावी, म्हणजे आवडली नाही तर काढताही येते.

हाच न्याय पाटीवरच्या मोठ्या नावांनाही लावावा. बेहरिंगरच्या यूएमसी २०२एचडीवर ‘मायडास’ या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीचे नाव असते. उपकरण किमतीच्या मानाने चांगले आहे, पण त्या नावामुळे ते मोठ्या मायडास मिक्सरच्या पंक्तीत बसत नाही.

क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेड घ्यावे का?

माइक आणि इंटरफेस यांच्यामध्ये लावून संकेत वाढवणारे हे छोटे बूस्टर आहेत. इंटरफेसचा गेन ५० डेसिबलच्या आसपास संपत असेल आणि माइक एसएम ७बीसारखा मंद असेल, तर ही उपकरणे उपयोगी आहेत. क्लाउडलिफ्टर सीएल-१ सुमारे २५ डेसिबल आणि फेटहेड सुमारे २७ डेसिबल स्वच्छ गेन देतो. दोघेही फँटम पॉवरवर चालतात आणि ती माइकपर्यंत जाऊ देत नाहीत, त्यामुळे कंडेन्सर माइकबरोबर ही उपकरणे वापरायची नसतात. नवीन इंटरफेस घ्यायचाच असेल, तर बूस्टरचे पैसे त्यातच घालून अधिक गेनचा इंटरफेस घेणे शहाणपणाचे ठरते.

गाणे, हार्मोनियम आणि तबला घरीच रेकॉर्ड करायचा आहे. काय पाहावे?

दोन माइक इनपुट असलेला इंटरफेस घ्यावा. एका इनपुटवाला घेऊन सहा महिन्यांत विकणारे बरेच भेटतात. तबल्यासाठी जास्तीत जास्त गेनपेक्षा सहनशक्ती महत्त्वाची असते. माहितीपत्रकात ‘कमाल इनपुट पातळी’ पाहावी. ती +९ डीबीयूच्या आसपास असेल, तर संवेदनशील कंडेन्सर तबल्याजवळ ठेवूनही गेन शून्याजवळ आणल्यावर संकेत फाटत नाही. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना पातळी मोठी ठेवण्याचा अट्टहास करू नये. मीटरवर सरासरी उणे १८ डेसिबल आणि सर्वोच्च थाप उणे ८ च्या आत राहिली की पुरे. चाट जोरात पडली तरी जागा शिल्लक राहते.

काही प्रीअँपवर ‘लो कट’ची कळ असते आणि ती ८० हर्ट्झच्या आसपास खालचा भाग कापते. मेट्रोच्या कामाची धडधड किंवा वरच्या मजल्यावरील पावलांचे धक्के त्यामुळे कमी होतात. गायकांना भीती वाटते की खर्जही जाईल. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, मंद्र पंचम सुमारे १०४ आणि मंद्र षड्ज सुमारे ६९ हर्ट्झ असतो. म्हणजे मंद्र पंचमापर्यंत धोका नाही. त्याखाली उतरणाऱ्या आलापीत आणि डग्ग्याच्या माइकवर मात्र ही कळ बंद ठेवावी.

पुढे वेगळा प्रीअँप घेतलाच, तर तो इंटरफेसच्या कोणत्या छिद्रात लावायचा?

लाइन इनपुटमध्ये, टीआरएस (तीन भागांच्या जॅकच्या) केबलने. एक्सएलआर केबलने माइक इनपुटमध्ये लावल्यास दोन प्रीअँप एकामागोमाग लागतात आणि गोंगाटही दोघांचा मिळतो. बऱ्याच बजेट इंटरफेसमध्ये लाइन इनपुटसुद्धा आधी दाबून मग त्याच अंतर्गत प्रीअँपमधूनच जातो. त्यामुळे बाहेरच्या महाग प्रीअँपचा लाभ आणखी घटतो.

मोबाइलला जोडता येईल का?

इंटरफेस ‘क्लास कंप्लायंट’ (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा) असेल तर बहुधा येईल. मात्र कंडेन्सर माइकसह फोनची बॅटरी लवकर उतरते. वेगळा यूएसबी पॉवर इनपुट असलेला इंटरफेस पाहावा.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

खाडीकाठच्या दमट हवेचा त्रास प्रीअँपपेक्षा कंडेन्सर माइकला जास्त होतो. त्यात तडतड ऐकू येऊ लागते. माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. इंटरफेसला एवढे सोपस्कार लागत नाहीत, पण आठवडाभर न वापरता उघडा ठेवू नये.

वापरलेला इंटरफेस घेणे सुरक्षित आहे का?

नीट तपासून घेतल्यास हा सर्वांत किफायतशीर मार्ग आहे, कारण प्रीअँपच्या चिप सहजासहजी झिजत नाहीत. झिजतात त्या कळा आणि सॉकेट. भेटायला जाताना स्वतःचा लॅपटॉप, माइक, हेडफोन आणि मल्टिमीटर न्यावा. हेडफोन लावून दोन्ही गेनच्या कळा टोकापासून टोकापर्यंत फिरवाव्यात. फिरवताना खरखर आली किंवा मध्येच आवाज गायब झाला, तर ती कळ संपत आली आहे. फँटम पॉवर चालू करून एक्सएलआर सॉकेटच्या पिन १ आणि २ मध्ये, तसेच पिन १ आणि ३ मध्ये दाब मोजावा. दोन्हीकडे ४४ ते ५२ व्होल्टच्या दरम्यान जवळपास सारखाच आकडा यायला हवा. एकीकडे मोठी तफावत असेल तर सौदा सोडून द्यावा. एक्सएलआर सॉकेटमध्ये हिरवट थर दिसला, तर उपकरण दमट जागेत पडून होते असे समजावे. यूएसबीची केबल लावून हलकेच हलवावी, जोडणी तुटून संगणकावरून इंटरफेस नाहीसा होत असेल तर सॉकेटचे डाग सुटले आहेत. शेवटी निर्मात्याच्या संकेतस्थळावर जाऊन त्या पिढीच्या उपकरणाचा ड्रायव्हर आपल्या विंडोज किंवा मॅकच्या आवृत्तीसाठी अजून मिळतो का, हे पैसे देण्यापूर्वी तेथेच उभे राहून पाहावे.